तीन झेबा आणि एक सारिका

डोणगाव, ता. मेहकर
४ जून २०२४

इरे,

फोन काऊन नाही केला, असं म्हणशील. आमच्या घरात फोन म्हणजे सार्वजनिक काम हाये. मी 'हॅलो' म्हटलं की अम्मी तिकडून 'स्पीकर लाव' म्हणते, फुफी तुले तिच्या गुडघ्यावर औषध विचारते, आन दुकानात बियाणं घ्यायले आलेला माणूस बी मधातच सल्ला देऊन जाते. म्हणून कागद घेतला. तू बी कागदावरच लिहजो. पाकिटावर 'कॉलेजचे काम' असं टाकजो, म्हणजे आमचा शाकिर ते फोडत नाही. कॉलेजच्या कामाची त्याले लहानपणापासून ॲलर्जी हाये.

आता बातमी. पेपरात जाहिरात आली. बॉटनीच्या तीन जागा, तीन कॉलेजांत. मलकापूर, वरवट बकाल आन दुसरबीड. पर्मनंट, इरा! पर्मनंट! सात वर्षं झाली मी मेहकरच्या कॉलेजात तासिकेवर शिकवून राह्यली. जुलैत बोलावतात, मार्चमध्ये 'या आता' म्हणतात. यंदा तं प्राचार्य म्हणाले, बॉटनीले पोरं कमी झाली, पुढं किती तास देता येतील सांगता येत नाही.

अन् घरी वेगळीच गंमत. मी एकदा वैतागून बोलून गेली की यंदा नाही लागलं तं बसते दुकानात. अब्बा एवढे खुश झाले की दुसऱ्याच दिवशी मेहकरहून फिरती खुर्ची घेऊन आले. गल्ल्याच्या मागं ठेवेल हाये. वरचं प्लास्टिक काढू देत नाहीत. म्हणे, तू बसशील तवा काढू. त्यांनी जबरदस्ती केली असती तं मी भांडली असती. ते रोज सकाळी त्या प्लास्टिकवरची धूळ पुसतात, आता याच्याशी कसं भांडू?

तं काम असं की अर्जासोबत 'आपण या संस्थेत का येऊ इच्छिता' असं पत्र पाह्यजे, आपल्या हातानं लिहेल. मी एक लिहिलं आन तीनदा उतरवून काढलं. नमुना वाच:

"आपल्या नामांकित संस्थेत सेवा करण्याची माझी मनःपूर्वक इच्छा आहे. मी नम्र, कष्टाळू व वक्तशीर असून मला कोणतेही व्यसन नाही."

व्यसनाचं शाकिरनं सुचवलं. कसं वाटते, खरं सांगजो.

तुही,
झेबा

०

पुणे
१० जून

प्रिय झेबा,

खरं सांगू? हे पत्र वाचून तुला कोणीही लगेच कामावर ठेवील. रात्रपाळीचा वॉचमन म्हणून.

अगं बाई, तू वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. आहेस, हे त्या पत्रात कुठेच नाही! गाजरगवतावर एवढं काम केलंस, अमरावतीच्या होस्टेलात माझ्या शेजारच्या खाटेखाली त्याच्या जुड्या वाळत घातल्यास, माझ्या अंगावर पुरळ उठेपर्यंत. ते सगळं सोडून 'वक्तशीर'? आणि वक्तशीर तू कधीपासून?

दुसरं म्हणजे एकच पत्र तीन ठिकाणी पाठवायचं नसतं. जागा सारख्या दिसतात, कॉलेजं सारखी नसतात. समोरच्याला तू किती गुणी आहेस याच्याशी काय घेणंदेणं? त्यांचं कुठे अडलंय ते बघ, आणि ते अडलेलं तू कसं सोडवशील तेवढं लिही. म्हणून आधी तिन्ही ठिकाणी जाऊन ये. चहा पी, कानोसा घे. मग प्रत्येकाला वेगळं पत्र.

स्वतःबद्दल चांगलं लिहायला तुला जमत नाही हे मला माहीत आहे. व्हायव्हाच्या दिवशी 'तुमच्या कामाचं वैशिष्ट्य काय' असं विचारलं तर 'काही विशेष नाही सर' म्हणालीस. त्यामुळे माहिती तू आण, पत्रं मी लिहिते.

माझं म्हणशील तर मी या भानगडीत पडत नाही. इथे बरं चाललंय. विभागप्रमुख म्हणतात, लवकरच काहीतरी होईल.

अब्बांना नमस्कार. खुर्चीला हात लावू नकोस.

इरा

०

डोणगाव
१८ जून

इरे,

तुह्या बोलण्यावर तीन तालुके फिरून आली. एस.टी.त बसून बसून कंबर गेली. आता अहवाल ऐक.

मलकापूर. तिथले विभागप्रमुख माणूस शांत. आधीचे सर म्हणे इतके बोलायचे की मायक्रोस्कोप कपाटातून बाहेर निघालेच नाहीत. मले म्हणाले, "मॅडम, आम्हाला बोलणारं माणूस नको. काम करणारं पाहिजे. कोपऱ्यात बसून." मी त्यांच्यासमोर तोंड दाबून बसली. पाच मिनिटं! जीव घाबरा झाला माह्या.

वरवट बकाल. तिथं नेमकं उलटं. प्राचार्य म्हणतात, पोरी खेड्यांतून येतात, दिवाळीनंतर गायब होतात. घरी जाऊन मायबापाशी बोलणारं, शिबिर घेणारं, चार लोकांत उठबस करणारं कोणी पाह्यजे. "आमच्याकडं लाजरं माणूस चालत नाही," म्हणे.

अन् दुसरबीड! तिथं संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव भेटले. कॉलेजचं विचारायले गेली तं ते मले गेटापाशी घेऊन गेले. गेटाच्या दोन्ही बाजूले बॉटल पाम लावेल हायेत. एक मस्त वाढला, दुसरा रुसला. अर्जुनराव त्याच्याकडं पाहून असा उसासा टाकतात, मले वाटलं घरात कोणी आजारी हाये का काय. म्हणाले, "बाई, बॉटनीचा माणूस घेऊन करायचं काय, जर दारातलं झाड जगत नसंल तर?" म्हणजे कॉलेज शिकवण्यासाठी, आन प्राध्यापक झाडासाठी.

पण इरा, दुसरबीड मले आवडलं. वर्गांत काळे फळे धुवेल होते. पोरं व्हरांड्यात बसून झाडांच्या पानांची चित्रं काढून राह्यली होती, कोणी न सांगता. तिथं लागलं ना, तं मी त्या अध्यक्षाच्या झाडाले रोज सलाम ठोकीन.

लिही आता. तुह्या हातात हाये माह्यं सगळं.

झेबा

०

पुणे
२४ जून

प्रिय झेबा,

तुझा अहवाल वाचून मागच्या बाकावर बसल्यासारखी खुदुखुदु हसले. सोबत तीन पत्रं आहेत. जशीच्या तशी आपल्या हाताने उतरव. मधे शाकिरचं काही घालू नकोस.

मलकापूरसाठी: "मला एकांतात काम करायला आवडते. प्रयोगशाळेतील शांतता हीच माझी खरी सोबत आहे. अनावश्यक बोलणे मी कटाक्षाने टाळते."

वरवट बकालसाठी: "माणसांशिवाय मला करमत नाही. विद्यार्थिनींच्या घरी जाणे, त्यांच्या आईवडिलांशी बोलणे हा मी शिकवण्याचाच भाग मानते."

दुसरबीडसाठी: "झाड हे माझ्यासाठी केवळ अभ्यासाचा विषय नाही. रुग्ण झाडाची सेवा करून त्याला पुन्हा उभे करणे यात मला विशेष समाधान लाभते."

शेवटच्यात थोडा मीठमसाला जास्त झालाय, पण अध्यक्षांच्या उसाशाला तेवढं लागणारच. मुलाखतीला जाताना कुठली झेबा घेऊन जायची ते मात्र लक्षात ठेव.

आता माझंही एक काम कर. इथे माझी एक मैत्रीण आहे, सारिका. तीही बॉटनीचीच, मूळची आपल्याच जिल्ह्यातली. तिलाही दुसरबीडला अर्ज करायचा आहे. तिचं काम नेच्यांवर, म्हणजे फर्नवर आहे. शिकवते चांगलं, स्वभावाने जरा तिखट. तिला स्वतःबद्दल लिहिणं जमेना, आणि मी तुझं लिहिल्यावर तिचंही लिहायचं म्हणजे बरं दिसत नाही. तू तिचं पत्र लिहून देशील? तुझी स्पर्धक आहे, हे मला कळतं. नाही म्हणालीस तरी चालेल.

आणि हो, सहज विचारते, दुसरबीडहून बुलढाण्याला संध्याकाळची गाडी असते का? सारिकाची आई बुलढाण्यात एकटीच असते.

इरा

०

डोणगाव
१ जुलै

इरे,

तिन्ही पत्रं उतरवली. एकांतवालं उतरवताना अम्मी मागून वाचून राह्यली होती. 'अनावश्यक बोलणे मी कटाक्षाने टाळते' इथं आली आन तिले ठसका लागला. पाणी द्यावं लागलं.

सारिकाचं पत्र लिहिलं. हे घे:

"बुलढाण्याच्या डोंगरात नेचे फार नाहीत. पण 'नाहीत' असे लिहिण्याआधी मी प्रत्येक घळीत स्वतः उतरून पाहिले आहे. विद्यार्थ्याला समजले नाही तर मी चिडते. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच्यासाठी वेगळी आकृती काढून आणते. मी डावखुरी आहे. फळ्यावर लिहिताना माझाच हात माझे अक्षर पुसतो, म्हणून प्रत्येक गोष्ट मी दोनदा लिहिते आणि मागच्या बाकावरच्या मुलालाही ती कळते. माझ्या हातचा चहा कोणी पिऊ नये. बाकी कोणतेही काम मी अर्धवट सोडलेले नाही."

आता ऐक. सारिका डावखुरी हाये असं तू लिहिलं नव्हतं. चहाचं बी लिहिलं नव्हतं. आपल्या जिल्ह्यातून नेच्यांवर पीएच.डी. केलेली बाई एकच हाये, आन तिनं घळीत पाय मुरगाळला तवा तिले पाठीवर घेऊन वर आणणारी बी एकच हाये. तुले काय वाटलं, मी बह्याड हाये?

मले राग आला. कागदावर लिहून ठेवते, लय राग आला. अर्ज केला म्हणून नाही. जागा काय माह्या अब्बाची हाये? पण सारिका काऊन? माह्यापाशी खोटं नाव घेऊन येते तू? माह्यापाशी?

चहाची ओळ मी रागात टाकली. उतरवताना काढून टाकजो.

बुलढाण्याची गाडी साडेपाचले असते.

झेबा

०

पुणे
८ जुलै

झेबा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना.

इथे माझं बरं चाललेलं नाही. मार्चमध्येच माझे तास बंद झाले. एका खासगी क्लासमध्ये अकरावीच्या मुलांना शिकवते. आईला वाटतं मी अजून कॉलेजात आहे. फोनवर ती विचारते, 'आज कितवीचं प्रॅक्टिकल होतं गं?' आणि मी काहीतरी ठोकून देते. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला फसवणं सोपं नाही, पण ती मला जास्त विचारत नाही. कदाचित तिलाही कळलंय.

तुझी पत्रं लिहायला घेतली तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, खरंच. पण तू लिहिलंस, व्हरांड्यात मुलं पानांची चित्रं काढत होती. त्या रात्री मला झोप आली नाही. तुला कसं सांगू की तुझं पत्र ज्या जागेसाठी मी लिहिणार, तीच मलाही हवी आहे? म्हणून सारिका काढली. लाज वाटते आता.

मी अर्ज करत नाही. प्रश्न मिटला. तू दुसरबीडला नीट तयारी करून जा.

इरा

०

डोणगाव
१२ जुलै, स्पीड पोस्टानं

मिटला काय? तू कोण मिटवणारी?

तू बाजूले झाली आन मले जागा लागली, तं जन्मभर फळ्यासमोर उभी राहून मी हाच विचार करीन की इरा आली असती तं काय झालं असतं. हे लफडं मले नको. अर्ज कर. शेवटची तारीख वीस हाये. पत्र तुह्यापाशी हाये, चांगलं हाये, मीच लिहेल हाये.

अन् नाही केला तं मी तुह्या आईले, प्रतिमा काकूले, फोन लावते. आमच्या घरून. स्पीकरवर.

झेबा

०

डोणगाव
२४ ऑगस्ट

इरे,

मेली मी.

तुले तं माहीत हाये, मुलाखतीच्या कमिटीत विद्यापीठाकडून आपल्या विषयाचे एक तज्ज्ञ बसतात. आपल्याकडं बॉटनीचे तज्ज्ञ यादीत तीनच. त्यातल्या एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या बाई नातवाले सांभाळायले अमेरिकेत गेल्या. उरले कोण? रमाकांत सर. तेच अमरावतीचे, जाड चष्म्याचे, जे वनस्पतीचं नाव चुकलं की खडू फेकून मारायचे.

मलकापूरले गेली तं समोर रमाकांत सर. मी आपली पत्रात लिहिल्याबरहुकूम मुकी झाली. विचारलं तेवढंच सांगितलं. 'हो', 'नाही', 'जी सर'. सर म्हणाले, "शांत झालात हो." मी फक्त मान हलवली. वाटलं, जमलं बापा! तिथं शेवटी दुसऱ्याच कोणाले घेतलं ते सोड. तो माणूस माह्याहूनबी मुका निघाला.

आठ दिवसांनी वरवट बकाल. मी ठरवून गेली होती, आज बोलायचं. दारातून आत पाय टाकतानाच "नमस्कार! कसे आहात सगळे? पाणीपाऊस काय म्हणते इकडं?" असं खणखणीत बोलली. आन पाहते तं खुर्चीत पुन्हा रमाकांत सर!

त्यांनी माह्यं पत्र उचललं. वाचलं. पिशवीतून आणखी एक कागद काढला. तोबी वाचला. मंग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बाई, मागच्या बुधवारी तुम्ही अनावश्यक बोलणे कटाक्षाने टाळत होतात. आठ दिवसांत माणसांशिवाय करमेनासं झालं?"

प्राचार्य हसले. दोन मेंबर हसले. पाणी घेऊन आलेल्या आशाबाई बी हसल्या, त्यांले तं काय झालं ते बी माहीत नव्हतं. मी म्हटलं, "सर, माणूस बदलते." सर म्हणाले, "बदलो. पण दुसरबीडच्या फाइलीत तुम्ही झाडांच्या डॉक्टर आहात. तीन तारखेला तिथंही मीच आहे. कोणती झेबा येणार ते आधी कळवलंत तर बरं होईल."

वरवट बकाल गेलं. आता दुसरबीड एकच उरलं. तुह्यंबी बोलावणं आलं असंल. मी येऊ की नको येऊ? इकडं अब्बानं खुर्चीच्या चाकांत तेल घातलं. न वापरलेल्या चाकांत!

झेबा

०

बुलढाणा
५ सप्टेंबर

झेबा,

परवा मी तुझी वाट न पाहता साडेपाचच्या गाडीत बसले. तू आत गेलीस तेव्हा माझ्याकडे बघून हसलीस, आणि तुला तोंड दाखवायचा मला धीर झाला नाही. आत काय झालं ते ऐक, म्हणजे कळेल.

मी तुझं पत्र, म्हणजे माझं पत्र, शेवटच्या दिवशी घाईघाईत उतरवलं होतं. रमाकांत सरांनी ते मोठ्याने वाचायला घेतलं. वाचता वाचता थांबले. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "माझ्या हातचा चहा. कोणी. पिऊ नये."

झेबा, ती ओळ काढायची राहिली!

अर्जुनराव पुढे वाकले. "बाई, हे काय लिवलंय? आम्ही काय चहावाली घ्यायलोत का?" सर म्हणाले, "चौदा अर्ज वाचले मी. स्वतःबद्दल असं कोणी लिहीत नाही. हे कोणी लिहिलं?"

थाप मारायला तोंड उघडलं होतं. पण सहा महिने आईला थापा मारून माझा साठा संपला होता. म्हटलं, "बाहेर निळ्या ओढणीत बसली आहे, तिने." "आणि तिची तीन पत्रं?" "मी."

अर्जुनराव इतके हसले की त्यांना टेबल धरावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाले, "मग तुमचं तर समदं कळलं. आता तिचं सांगा. खरं खरं."

आणि मी सांगत बसले. सोयाबीनच्या शेतात गाजरगवत मोजताना तुला ताप चढला होता आणि तू मापाची दोरी सोडली नाहीस, ते. मेहकरच्या तुझ्या विद्यार्थिनी सासरहून तुला पानं पाठवून विचारतात, 'मॅडम, हे काय आहे', ते. अब्बांच्या दुकानात तू शेतकऱ्याला औषध न विकता 'हे हाताने उपटलं तरी चालते' म्हणून परत पाठवतेस आणि अब्बा कपाळाला हात लावतात, ते. माझा सगळा वेळ तुझ्यावर गेला. नेच्यांवर एक प्रश्न आला नाही. बाहेर पडल्यावर लक्षात आलं, मी माझी मुलाखत दिलीच नाही.

हे मी मोठ्या मनाने केलं असं समजू नकोस. गाडीत बसल्यावर स्वतःचा इतका राग आला की तिकीट चुरगाळून टाकलं, आणि मग कंडक्टरने तेच मागितलं.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला मे महिन्यापासून माहीत आहे. सुट्टीत कोणतं कॉलेज प्रॅक्टिकल घेतं गं?"

तुझं काय झालं?

इरा

०

डोणगाव
१४ सप्टेंबर

इरे,

मी आत गेली तं सगळे माह्याकडं पाहून हसून राह्यले. मले वाटलं ओढणी उलटी हाये. आता समजलं.

रमाकांत सर म्हणाले, "बोला. आज कोण आलंय?" मी काही म्हणायच्या आत अर्जुनराव उठले. "कोण का असंना. बाई झाडाच्या डॉक्टर हायत ना? चला मग." सगळी कमिटी माह्या मागं, ऊन डोक्यावर, आन आम्ही गेटापाशी. आधीच्या उमेदवारांपैकी कोणी पाणी वाढवा म्हणून गेलं होतं, कोणी खत सांगून गेलं होतं. एकानं तं झाडाले गाणी ऐकवा म्हटलं होतं.

तुह्या पत्राप्रमाणं मले म्हणायचं होतं की सेवा करून उभं करते. अर्जुनराव माह्या तोंडाकडं पाहून राह्यले होते, लेकरू दवाखान्यात आणलेला बाप पाहते तसे. मी शेंड्याचं मधलं कोवळं पान धरलं आन हलकंच ओढलं. ते सगळं हातात आलं. खालून काळं, सडेल, वास मारेल.

मी आपली पान हातात घेऊन उभी. मनात म्हटलं, गेली नोकरी, हे पान तेवढं घरी नेते. पण मंग बोलली. "साहेब, हा मरेल हाये. पामाले वाढायची जागा एकच असते, शेंडा, आन तोच सडला. तुम्ही याले आणखी पाणी घालसान तं बाजूचाबी जाईल. पत्रात लिहेल हाये तशी झाडांची डॉक्टर मी नाही. मी गाजरगवतवाली हाये. काय ठेवायचं हे मले कधी कधी समजत नाही, पण काय उपटायचं ते पक्कं समजते."

अर्जुनरावांनी माह्या हातातलं पान घेतलं. मंग म्हणाले, "दोन वर्षं झाली. समदे मला म्हणायलेत, जगंल साहेब, जगंल." डोळे भरून आले होते त्यांचे, मी खोटं सांगत नाही. रमाकांत सरांनी चष्मा पुसला आन म्हणाले, "ही चौथी झेबा. हिचं पत्र कोणीच लिहिलं नव्हतं."

काल यादी लागली. पहिलं नाव माह्यं. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव तुह्यं.

मी यादीसमोर उभी राहून आधी नाचली, मंग रडली, मंग पुन्हा नाचली. शिपाई घाबरला. इरा, मले आनंद झाला, लय झाला, तो मी लपवत नाही. अन् मधातलं रडू खालच्या ओळीतल्या तुह्या नावासाठी होतं, तेबी लपवत नाही.

आता कामाचं. मेहकरच्या कॉलेजात माह्ये तास रिकामे झाले. जास्त नाहीत, पण हायेत. प्राचार्यांनी मलेच विचारलं, कोणी माहितीतलं हाये का? मी म्हटलं, हाये एक. म्हणाले, अर्ज आन पत्र पाठवायले सांगा. मी म्हटलं, सर, पत्र नका मागू, तिचं पत्र दुसरबीडले फेमस हाये.

ये. तासिकाच हाये, मार्चमध्ये 'या आता' म्हणतील, सगळं माहीत हाये तुले. तरी ये. माह्या खोलीतली दुसरी खाट रिकामी हाये. खाली गाजरगवत ठेवणार नाही.

झेबा

०

बुलढाणा
१९ सप्टेंबर

झेबे,

यादी मी बी पाहिली होती, तुह्या पत्राच्या आधी. तुह्यं नाव वर दिसलं तवा रडू आलं. मंग तुह्यं पत्र आलं, ते पान तुह्या हातात आलं ते वाचून हसू आलं. मंग पुन्हा रडू. दोन दिवस असंच चाललं. आईनं शेवटी विचारलं, "हसतेस का रडतेस, एक काय ते ठरव, मले भाजी करायची हाये." पुण्यात सात वर्षं राहून जे बोलणं मी विसरली म्हणत होती, ते तुह्यापाशी आलं की आपोआप येऊन राह्यलं. आता येऊ दे.

मेहकरच्या प्राचार्यांले अर्ज पाठवला. सोबत पत्र जोडलं. एकच ओळ लिहिली: 'माझ्याविषयी आपल्याकडच्या आधीच्या मॅडमना विचारावे.' स्वतःच्या हातानं, स्वतःच्या नावानं. शाई पुसली गेली, म्हणून दोनदा लिहिली.

सोमवारी सकाळच्या गाडीनं येऊन राह्यली. अम्मीले सांगजो, चहा त्यांनीच करायचा. अब्बाले माह्या सलाम सांगजो, आन खुर्चीचं प्लास्टिक काढू नका म्हण. मार्चपर्यंत तं मुळीच नाही.

इरा